प्रेसवर तुटणारी बोटे आणि ‘निष्काळजीपणा’ची ओळ

प्रति,
संपादक

महोदय,

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर-अंबड, शिरोली या औद्योगिक वसाहतींतून अपघाताची बातमी आलीच, तर ती चार ओळींची असते. प्रेस मशीनवर (पत्रा साच्यात दाबून कापणारे किंवा वाकवणारे मशीन) काम करताना तरुण कामगाराची बोटे तुटली, पोलिसांत नोंद झाली, आणि प्राथमिक माहितीनुसार अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला. ही शेवटची ओळ कोणी दिली ते बातमीत नसते. बहुधा ती कारखान्याच्या ऑफिसातूनच आलेली असते, कारण कामगार तेव्हा ऑपरेशन टेबलवर असतो. तांत्रिकदृष्ट्या ही ओळ बहुतेक वेळा चुकीची असते आणि भरपाईच्या कायद्यात तिला जवळजवळ काहीच किंमत नाही. तरीही हीच ओळ पुढे पंचनाम्यात, केसपेपरवर आणि भरपाईच्या दाव्याला दिलेल्या उत्तरात फिरत राहते आणि कामगाराचे नुकसान करते. म्हणून आधी मशीनबद्दल आणि मग कायद्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

छोट्या शेडमधले बरेचसे जुने प्रेस पिन क्लचचे किंवा ‘की’ क्लचचे असतात. क्लच म्हणजे फिरते चाक रॅमला जोडणारा आणि सोडणारा भाग. फ्लायव्हील, म्हणजे मशीनचे जड चाक, सतत फिरत असते. पायडल दाबले की लॅच (अडकण) सुटतो, स्प्रिंगच्या जोरावर ‘की’ (खिळीसारखा लोखंडी तुकडा) फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि क्रँक त्याच्याबरोबर फिरू लागते. एकदा ही ‘की’ बसली की पूर्ण फेरा झाल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून खाली आदळणारा दट्ट्या, थांबत नाही. मध्येच पाय काढा, बटण सोडा, वीज बंद करा, काही फरक पडत नाही. मिनिटाला ६० फेऱ्यांचा प्रेस असेल तर रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो.

आता बिघाड कुठे होतो ते पाहा. कीची धार झिजून गोल झाली, लॅचचे टोक घासले, स्प्रिंग सैल पडली किंवा ब्रेकच्या लायनिंगला तेल लागले, तर फेरा संपल्यावर ‘की’ खाचेतून सुटत नाही, किंवा सुटली तरी रॅम वर थांबत नाही. पायडल न दाबताच रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. शॉपमध्ये याला ‘डबल मारला’ म्हणतात. पहिला स्ट्रोक झाल्यावर तयार जॉब (सुटा भाग) काढायला कामगाराचा हात नेमका त्याच क्षणी डायमध्ये, म्हणजे रॅमखालच्या साच्यात, असतो. डबल मारण्याआधी मशीन बहुधा काही दिवस खुणा देत असते. रॅम वरच्या टोकाच्या थोडा पुढे जाऊन थांबतो, क्लच सुटताना खट्ट असा वेगळा आवाज येतो, पायडल ढिले लागते. ऑपरेटर सुपरवायझरला सांगतो. डिस्पॅच अडलेला असतो म्हणून मेंटेनन्स रविवारवर ढकलला जातो. अपघात झाल्यावर रात्रीतून नवी की बसते आणि तपासणीला येणाऱ्या माणसाला मशीन ठणठणीत दिसते. म्हणून पहिल्याच दिवशी त्या मशीनचे, कीचे आणि ब्रेकचे मोबाइलवर फोटो निघाले पाहिजेत. मेंटेनन्स रजिस्टरच्या शेवटच्या पानाचाही फोटो घ्यावा.

डबल मारला नसेल तरी ‘निष्काळजीपणा’ सिद्ध होत नाही. ताशी ६०० नगांचे टार्गेट धरा. आठ तासांत ४,८०० नग. प्रत्येक नगाला हात दोनदा आत जातो, एकदा ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) ठेवायला आणि एकदा जॉब काढायला. म्हणजे एका शिफ्टमध्ये ९,६०० वेळा हात रॅमखाली. त्यात ओव्हरटाइम जोडला की बारा तास होतात. इतक्या वेळा पाय आणि हात यांचा ताळमेळ एकदाही चुकू नये, अशी अपेक्षा माणसाकडून करणारी व्यवस्थाच सदोष आहे. हात डायमध्ये घालावाच लागणार नाही, अशी सोय करणे हे मालकाचे काम आहे.

ती सोय महाग नाही. पट्टीतून ब्लँकिंग होत असेल तर डायला तीन बाजूंनी पत्र्याचे किंवा जाळीचे पक्के गार्ड लावून फक्त पट्टी शिरेल एवढीच फट ठेवता येते. डायच्या तोंडाशी ६ मिलिमीटरपेक्षा मोठी फट नसावी, म्हणजे बोट आत जात नाही. सुटे ब्लँक असतील तर सरकती डाय, च्यूट (उतरती पन्हळ), मॅग्नेट किंवा लांब चिमटा वापरता येतो आणि जॉब बाहेर उडवायला हवेचा झोत पुरतो. पायडलवर टोपीसारखे कव्हर हवे, नाहीतर वरून पडलेला जॉबसुद्धा ते दाबतो. डाय बदलताना मेन स्विच बंद करून त्याला सेटरने (डाय बसवणाऱ्याने) स्वतःचे कुलूप लावावे, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबावे (मोटर बंद झाल्यावरही ते बराच वेळ फिरते) आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवूनच हात घालावा.

एका दिखाऊ उपायाबद्दल मुद्दाम लिहिले पाहिजे. वेंडर ऑडिट (माल घेणाऱ्या कंपनीची तपासणी) जवळ आले की पिन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन, म्हणजे शॉपच्या भाषेत ‘सेन्सर’, बसवतात. हात आडवा आला की सेन्सर सिग्नल देतो, पण पिन क्लच मध्ये थांबूच शकत नाही, मग सिग्नलचा उपयोग काय? सेन्सरला एअर क्लच, म्हणजे रॅम मध्येच थांबवू शकणारा हवेच्या दाबाचा क्लच, लागतो. तिथेही अंतराचे गणित आहे. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. सिग्नलनंतर रॅम थांबायला पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे सेन्सर डायपासून निदान तेवढा लांब हवा. १०-१५ सेंटिमीटरवर बसवलेला सेन्सर फोटोत चांगला दिसतो, बोट वाचवत नाही. दोन हातांच्या बटणांचेही तसेच आहे. दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली तरच आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच पुढचा स्ट्रोक सुटेल, अशी वायरिंग हवी. नाहीतर एक बटण टेप लावून किंवा पाचर ठोकून कायमचे दाबून ठेवले जाते. हे कोणाच्या सोयीसाठी चालते, ते त्या दिवशीच्या प्रॉडक्शन शीटवरून कळते.

आता कायदा. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, त्याबद्दल शेवटी), ज्याला अजून सगळे ‘वर्कमन कॉम्पेन्सेशन’ म्हणतात, चूक कोणाची हा प्रश्न मुळात विचारलेलाच नाही. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढे पुरे. मालकाला सुटका मिळते ती मोजक्या कारणांनी: तीन दिवसांत बरी होणारी दुखापत, कामगार दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम किंवा नियम त्याने हेतुपुरस्सर मोडणे, आणि गार्ड हेतुपुरस्सर काढणे. यातली नशा, नियमभंग आणि गार्डची कारणेसुद्धा मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर चालत नाहीत. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. लक्ष विचलित झाले, झोप आली, घाई झाली, हे त्यात बसत नाही. आणि गार्ड महिनोन् महिने भिंतीशी टेकून ठेवलेले असेल, सुपरवायझर रोज ते पाहत असेल, तर ते ‘कामगाराने काढले’ असे म्हणता येत नाही.

अपघाताच्या पहिल्या तासात काय करायचे, हे प्रत्येक शॉपमध्ये मोठ्या अक्षरांत लावलेले असावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. हळद, चहापूड, ग्रीस काहीही लावू नका. तुटलेला भाग टाकून देऊ नका. स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात आणि ते जोडता येत नाही. प्रेसमध्ये बोट बहुधा चेंगरलेले असते, त्यामुळे ते जोडले जाईलच असे नाही, पण तो निर्णय सर्जनला घेऊ द्या.

हॉस्पिटलमध्ये लिहिला जाणारा पहिला कागद पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. ‘घरी पडला’, ‘रस्त्यावर अपघात’ असे लिहून घेण्याचा प्रयत्न होतो, तो होऊ देऊ नका. सोबत गेलेल्या माणसाने केसपेपरवर ‘अमुक कारखान्यात, अमुक वाजता, प्रेस मशीनवर काम करताना’ असे लिहायला सांगावे आणि मेडिको-लीगल केस (हॉस्पिटल पोलिसांना कळवते ती नोंद) नोंदवायला लावावी. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि बिलांच्या मूळ प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात.

पुढे वाट दोन प्रकारची आहे आणि इथे गोंधळ फार होतो. आस्थापनेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल आणि कामगाराचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर भरपाई ईएसआयकडून मिळते आणि त्याच दुखापतीसाठी मालकावर १९२३ च्या कायद्याचा वेगळा दावा लावता येत नाही. ईएसआय लागू नसेल तर मालक थेट देणेकरी असतो, मग शेडमध्ये चारच माणसे असली तरी.

ईएसआयमध्ये कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट गेले तरी हक्क आहे. उपचार चालू असताना सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचे अपंगत्व मेडिकल बोर्ड ठरवते आणि त्या टक्केवारीप्रमाणे तहहयात दरमहा रक्कम मिळते. दिवसाला सरासरी ६०० रुपये वेतन आणि २० टक्के नुकसान धरले, तर दिवसाला १०८, म्हणजे महिन्याला साधारण ३,२४० रुपये. बोर्डाचा निर्णय कमी वाटला तर अपील करता येते, आणि टक्केवारी कमी लागल्याची तक्रार असणाऱ्याने ते वेळेत करावेच. मालकाने अपघाताची नोंद फॉर्म ११ च्या वहीत करायची आणि फॉर्म १२ मधला अपघात अहवाल ईएसआयला पाठवायचा असतो. अवयव गमावण्यासारखी गंभीर दुखापत असेल तर ताबडतोब, बाकी प्रकरणांत २४ तासांत. हा फॉर्म १२ गेला नाही तर शाखा कार्यालयात कामगाराचे काम अडते. त्याची प्रत मागून घ्या. देत नसतील तर शाखा व्यवस्थापकाला स्वतः लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नोंदणीतली चलाखी अशी चालते. कामगार महिनोन् महिने नोंदणीशिवाय काम करतो आणि अपघात झाला की त्याच संध्याकाळी त्याचा दहा अंकी विमा क्रमांक तयार होतो. नियमाप्रमाणे ही नोंदणी कामावर रुजू झाल्यापासून दहा दिवसांत व्हायला हवी. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत जखमी होणाऱ्या कामगारांबद्दल ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढत आहे. अपघातानंतरच ईएसआय कार्ड हातात पडल्याची तक्रार त्यांत सतत दिसते. अशा वेळी कामगाराने घाबरून मालक सांगेल ती तारीख खरी मानू नये. आस्थापना ईएसआयखाली येत असेल तर नोंदणी केली नाही हा मालकाचा दोष आहे. ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. रुजू झाल्याची तारीख सिद्ध करायला यूपीआयने आलेला पगार, हजेरीच्या मशीनची नोंद, गेटपास, कँटीनची कुपने, शिफ्ट लावणारे सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज असे काहीही चालते. अपघातानंतर कंपनीच्या ग्रुपमधून काढून टाकण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

ईएसआय नसेल तर रक्कम कशी निघते, ते उदाहरणानेच कळते. कायम पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला घटक. गणितासाठी वेतन कितीही असले तरी ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. २५ वर्षांच्या कामगाराचा घटक २१६.९१ आहे. १५,००० चे ६० टक्के ९,०००, गुणिले २१६.९१, म्हणजे १९,५२,१९० रुपये. अंशतः अपंगत्वात कायद्याला जोडलेल्या तक्त्याप्रमाणे याची टक्केवारी लागते. एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, म्हणजे ३,९०,४३८ रुपये. तीन बोटे किंवा पूर्ण अंगठा ३० टक्के. चार बोटे ५० टक्के, म्हणजे ९,७६,०९५. पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. तर्जनीचे एक पेर गेले तरी ९ टक्के. या तक्त्यात बोटांसाठी उजव्या-डाव्या हाताचा भेद नाही.

त्याच तक्त्याच्या शेवटी एक टीप आहे आणि ती बहुतेक कामगारांना कोणी सांगत नाही. अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयवच गेला असे मानायचे. म्हणजे बोट हाताला आहे, पण ताठ झाले आहे, वळत नाही, पकड नाही, तर तेही मोजले जाते. शिवाय तक्त्यातला आकडा शेवटचा नाही. कामगाराचा मूळ धंदा काय, हे पाहावे लागते. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराचे नुकसान सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली १०० टक्के धरलेले कायम केले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भरपाई अपघाताच्या तारखेपासून देय होते, हेही त्याच निकालात आहे. १९२३ च्या कायद्याप्रमाणे महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज आणि कारण समर्थनीय नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तो भरपाईतून कापता येत नाही.

हे आकडे मांडण्याचे कारण असे की प्रत्यक्षात हॉस्पिटलच्या खाटेवरच काही हजार रुपये हातात ठेवून कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा किंवा सही घेतली जाते. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. सही झाली असली तरी दावा करता येतो, मुदत अपघातापासून दोन वर्षे. अर्ज अपघाताच्या ठिकाणी किंवा कामगार राहतो त्या ठिकाणच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे करता येतो, त्यामुळे बिहारला किंवा मराठवाड्यातल्या गावी परत गेलेल्या कामगाराला पुण्यातच चकरा माराव्या लागतात असे नाही. ‘तो आमचा नाही, कॉन्ट्रॅक्टरचा आहे’ हे उत्तरही चालत नाही. मूळ मालकाकडून भरपाई घेता येते, नंतर त्याने ती कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करावी. आणि आयटीआयच्या शिकाऊ उमेदवाराला ‘ट्रेनी’ म्हणून बाजूला काढता येत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १६ नुसार त्यालाही हीच भरपाई लागू होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. भरपाई आणि ईएसआय आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत, कारखान्याची सुरक्षा व्यावसायिक सुरक्षा संहितेत. त्या तारखेआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागू राहतो. नव्या संहितेतही चूक कोणाची हा प्रश्न न विचारता भरपाई, टक्केवारीचा तक्ता आणि दोन वर्षांची मुदत आहे. नवी आणि स्वागतार्ह गोष्ट अशी की सुरक्षेची कर्तव्ये न पाळल्यामुळे गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला किमान निम्मा जखमीला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या वीस कामगारांपासून सुरू होते. सर्वाधिक पिन क्लचचे प्रेस ज्या छोट्या शेडमध्ये आहेत, त्यातल्या पुष्कळ या रेषेखाली जातात. आमचा यावर ठाम आक्षेप आहे. बोट कापायला वीस कामगार लागत नाहीत.

राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आमची मागणी नेमकी आहे. पिन क्लचच्या प्रेसवर हाताने ब्लँक भरण्याचे काम बंद करावे, मग कामगार कितीही असोत. असा प्रेस चालवायचाच असेल तर फटीत बोट न जाणारे पक्के गार्ड हीच अट ठेवावी, सेन्सर लावला म्हणून सूट देऊ नये. की, लॅच, स्प्रिंग आणि ब्रेक यांची आठवड्याची तपासणी मशीनला टांगलेल्या कार्डावर ऑपरेटरच्या सहीने व्हावी आणि ‘डबल मारतो’ असे लिहिलेला प्रेस दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवण्याचा अधिकार त्या ऑपरेटरला असावा. मोठ्या वाहन कंपन्यांनीही आपल्या तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या वेंडरकडचे प्रेस स्वतः मोजावेत. त्यांच्या भावातूनच एअर क्लचचे पैसे निघायचे आहेत.

आपले,
प्रेस शॉपमध्ये सेटिंग-मेंटेनन्सचे काम करणारे आणि भरपाईच्या दाव्यांत कामगारांना मदत करणारे काही वाचक
पिंपरी-चिंचवड